पंगतीतला वाढपी आणि गाण्याचा कम्प्युटर

भाच्याचा मेसेज आला, सोबत एका गेमिंग लॅपटॉपचा फोटो, किंमत १ लाख १८ हजार, कीबोर्डखाली इंद्रधनुष्य. "मामा, हा घेऊ का? दुकानदार म्हणतो म्युझिक प्रॉडक्शनला याच्या खालचं काही चालतच नाही." पोरगा ढोलकी वाजवतो, गळाही बरा आहे, घरातच भजनं नि स्वतःची दोनचार गाणी रेकॉर्ड करायचीत. म्हटलं थांब जरा, आणि मग फोनवर तासभर जे बडबडलो तेच इथे टाइप करतोय, कारण हा प्रश्न वर्षातून चार जण तरी विचारतात.

१९८५ मध्ये अटारी एसटी नावाचा कम्प्युटर आला होता. प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झचा, आज हातातलं स्मार्टवॉचसुद्धा त्याच्या मैलभर पुढे. पण त्याला मिडीची (वाद्यं नि कम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा) सॉकेटं बॉडीतच दिलेली, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं स्टुडिओवाले त्याला सोडायला तयार नव्हते. त्याच्यातून आवाज जात नव्हता, नुसते निरोप जायचे, हा स्वर दाब, हा सोड, आवाज काढायचं काम बाहेरच्या सिंथेसायझरचं. मिडीच्या वायरवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे एक निरोप पोचायला जेमतेम १ मिलीसेकंद. लोक त्याची तारीफ करायचे ती स्पीडसाठी नव्हे, निरोप वेळच्या वेळी पोचवायचा म्हणून.

आता मात्र आवाजच कम्प्युटरमधून जातो, आणि इथे माझा आवडता भाग सुरू होतो, त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगतो.

सीडीच्या हिशोबाने एका सेकंदाचा आवाज म्हणजे ४४,१०० आकडे (स्टिरिओला दुप्पट, ते सोडा). साउंड कार्ड (कम्प्युटरमधून आवाज बाहेर काढणारा भाग) हा पंगतीतला एक अजब पाहुणा समजा, सेकंदाला ४४,१०० पुऱ्या एकाच चालीत खाणारा, आणि पान एका क्षणासाठी जरी रिकामं झालं तरी 'खट्ट' करून भर पंगतीत ओरडणारा. प्रोसेसर हा वाढपी. त्याला इतर पाहुणेही आहेत (स्क्रीन, वायफाय, अँटिव्हायरस), तो एकेक पुरी आणून वाढत बसू शकत नाही, म्हणून चळतच ठेवून जातो. या चळतीला म्हणतात बफर. १२८ ची चळत असेल तर ती २.९ मिलीसेकंदांत संपते, म्हणजे वाढप्याने सेकंदाला साधारण ३४४ वेळा न चुकता हजर व्हायचं. १०२४ ची ठेवली तर २३ मिलीसेकंदांची निवांती, पण पुऱ्या गार होतात. गार म्हणजे उशिरा. कारण माइकमधून येणारा आवाजसुद्धा आधी एक अख्खी चळत भरेपर्यंत थांबतो, मग त्याच्यावर काम होतं, मग तो बाहेरच्या चळतीत जातो. २५६ वर हिशोब केला तर ५.८ आत, ५.८ बाहेर, वर आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपचे एखाददोन, एकूण १३ च्या आसपास.

१३ मिलीसेकंद म्हणजे किती? आवाज हवेतून १ मिलीसेकंदात ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे साडेचार मीटर. थोडक्यात, थाप तुम्ही इथे मारताय आणि ढोलकी हॉलच्या पलीकडच्या भिंतीपाशी वाजतेय. ठेक्यात जोरकस वाजवणाऱ्याला हे लगेच टोचतं.

गाणाऱ्याचं दुखणं वेगळंच आहे. त्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून ताबडतोब ऐकू येतो आणि हेडफोनमधून थोडा उशिरा. समजा उशीर फक्त ३ मिलीसेकंद. १६७ हर्ट्झच्या स्वराची एक पूर्ण लाट ६ मिलीसेकंदांची, तेव्हा ३ उशिरा आलेली लाट बरोब्बर उलटी पडते, एक वर तर दुसरी खाली, आणि दोघी एकमेकींना खातात. तसंच ५०० ला, ८३३ ला, पुढे तसंच. कंगव्याचे दात काढावेत तसा आवाज विरळ होतो नि गाणाऱ्याला वाटतं आपण पाइपात तोंड घालून गातोय. गंमत अशी की यासाठी पॉवरफुल कम्प्युटर लागतच नाही. बऱ्याच ऑडिओ इंटरफेसवर (माइक नि हेडफोन कम्प्युटरला जोडणारी बाहेरची डबी) डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असतं, ते दाबलं की माइकचा आवाज कम्प्युटरला वळसा घालून थेट हेडफोनात जातो, मग बफर खुशाल १०२४ ठेवा. छोटा बफर लागतो तो मिडी कीबोर्डवरून सॉफ्टवेअरचा पियानो किंवा हार्मोनियम लाइव्ह वाजवताना.

आता मुख्य गोम. विंडोजचा टास्क मॅनेजर म्हणतो प्रोसेसर २० टक्केच वापरात आहे आणि तरी आवाज फुटतो, हे कसं? कारण टक्केवारी ही सरासरी आहे. वाढपी दिवसभर ऐंशी टक्के वेळ रिकामा बसला होता याचं पाहुण्याला काय, त्याची चळत संपली त्या क्षणी तो हजर होता का तेवढंच. विंडोजमध्ये हार्डवेअरचे ड्रायव्हर (एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) मधेच हात वर करतात, 'माझं आधी', आणि त्यांचं उरलेलं काम एका वेगळ्या रांगेत लागतं जिचा मान आपल्या म्युझिक सॉफ्टवेअरच्या वरचा. एखादा ड्रायव्हर त्या रांगेत ४ मिलीसेकंद अडून बसला की २.९ ची चळत गेली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दर दहा-बारा सेकंदांनी 'चट्ट' व्हायचं, मी आठवडाभर वायर बदलत बसलो, शेवटी वायफाय बंद केलं आणि चट्ट गायब. वायफायचा ड्रायव्हर होता तो. लेटन्सीमॉन नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, दहा मिनिटं चालवलं की कुठला ड्रायव्हर अडतोय ते सांगतं, सेकंडहँड मशीन घेताना दुकानातच लावून बघा, दुकानदार वैतागला तर वैतागू द्या.

कोअरच्या (प्रोसेसरमधल्या वेगवेगळ्या वाढप्यांच्या) आकड्यालाही भुलू नका. एका ट्रॅकवर (म्हणजे एका वाद्याच्या किंवा गळ्याच्या रेकॉर्डिंगवर) इक्वलायझर, मग कम्प्रेसर, मग रिव्हर्ब अशी आवाजावर संस्कार करणाऱ्या सॉफ्टवेअरची साखळी असते आणि पहिल्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावता येत नाही. एकच पुरी लाटायची नि तळायची असेल तर दहा आचारी उभे करून काय उपयोग. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर जातात हे खरं, पण साखळी लांब असेल तर एका कोअरचा दम महत्त्वाचा. ग्राफिक कार्ड या कामात बहुतेक वेळ बसूनच खातं, वर पंखा फिरवतं, आणि तो पंखा माइकला ऐकू जातो.

रॅम १६ जीबी. डिस्क एसएसडीच. रेकॉर्डिंगला ती लागते असं नाही, २४ बिटचे २४ ट्रॅक ४८ किलोहर्ट्झवर एकदम लिहिले तरी सेकंदाला साडेतीन एमबी, जुनी हार्ड डिस्कही हसत करेल. पण सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले स्वर) शेकडो छोट्या फाइली इकडून तिकडून उचलते, आणि हार्ड डिस्कला प्रत्येक उडीला दहाएक मिलीसेकंद लागतात.

आणि हो, १९२ किलोहर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ४४,१०० ऐवजी १,९२,००० आकडे घ्यायचं फॅड. माणसाला ऐकू येतं फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत, ४४.१ मध्ये २२ पर्यंतचं सगळं मावतं, १९२ ने प्रोसेसरचं काम मात्र चौपटीहून जास्त वाढतं. काही जण सांगतात महागड्या मशीनवर मिक्स (सगळे ट्रॅक एकत्र केलेलं गाणं) 'उबदार' येतो. अहो, तेच सॉफ्टवेअर, तीच बेरीज, आकडे तेच निघणार. वाद्यं नेहमीच्या ४४० ऐवजी ४३२ हर्ट्झला लावली की आजार बरे होतात म्हणणाऱ्यांच्या शेजारीच यांची खुर्ची. आपल्याकडे तर गवई गळ्याला सोसेल तो सा धरतो, काळी एक की पांढरी चार, आणि अजून तरी कुणाचा मधुमेह गेलेला ऐकला नाही.

शेवटी भाच्याने ऑफिसातून निघालेला रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतला, २७ हजारांत, आठव्या पिढीच्या पुढचा आय-फाइव्ह. त्याच्या मागचा नको म्हटलं, कारण विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वर दहा हजारांच्या आसपासचा इंटरफेस, स्वतःचा असिओ ड्रायव्हर (आवाजाला थेट वाट देणारा) असलेला, कारण विंडोजच्या नेहमीच्या वाटेने गेलं तर आवाज मधे आणखी एका मिक्सरच्या रांगेत थांबतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर, ६० डॉलरचं लायसन्स, आधी ६० दिवस ट्रायल.

पहिल्याच दिवशी फोन, "मामा, घुंईऽऽ असा आवाज येतोय सारखा." म्हटलं चार्जर काढ. काढला. गेला आवाज. घरातल्या प्लगला अर्थिंगच नव्हतं, वायरमन रविवारी येतोय, तोपर्यंत बॅटरीवर गातोय.