स्वरतंतूंचे माप : स्कॅनला येण्यापूर्वी

"माझी उंची सहा फूट, म्हणजे स्वरतंतूही लांबच असणार ना?" "वजन वाढवलं तर आवाज भरदार होईल का?" हे प्रश्न आमच्याकडे सतत येतात, म्हणून उत्तर एकदा लिहूनच देतो.

स्वरतंतूंची लांबी ठरते ती मुख्यतः वयावर आणि लिंगावर. नवजात बाळाचे तंतू जेमतेम ३ मिमी असतात, प्रौढ स्त्रीचे साधारण १२ ते १७ आणि पुरुषाचे १७ ते २५ मिमी. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्वरयंत्र पुढच्या बाजूला वाढते. कंठमणी दिसू लागतो तो त्यामुळेच. पण दोन प्रौढ पुरुषांत जो उंच, त्याचेच तंतू लांब असे सांगता येत नाही. स्वरयंत्र सांगाड्यात घट्ट बसवलेले नसते, स्नायू आणि पडद्यांनी गळ्यात टांगलेले असते. उंचीबरोबर वाढते ती तंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी. वजनावरून तर अंदाज बांधूच नका.

आता ज्यामुळे तुमचा आणि आमचा सर्वांत जास्त वेळ जातो ते सांगतो : स्कॅन चालू असताना आवंढा गिळणे. गिळताना स्वरयंत्र झटकन वर उचलले जाते आणि चित्रात तंतूची कड दुहेरी उमटते. जिथे मिलिमीटरचा हिशेब, तिथे अशा चित्रावर मोजपट्टी टेकवायची कुठे? सीटी काही सेकंदांत आटोपते, पण एमआरआयची एकेक मालिका काही मिनिटे चालते आणि एका आवंढ्यापायी ती पुन्हा घ्यावी लागते. गुणगुणूही नका. सूर चढवला की तंतू ताणले जातात आणि माप बदलते.

"आत न्यायच्या आधी बसवून का ठेवता?" अशी तक्रार असते. त्या वेळात आमचे तंत्रज्ञ तुमच्याकडून संथ श्वासाचा सराव करून घेतात, पाण्याचा घोट देतात, उंची-वजन-वय लिहून घेतात. सराव झालेल्यांचे स्कॅन बहुधा पहिल्याच खेपेला नीट येते. शिवाय आम्ही काप, म्हणजे स्कॅनमध्ये दिसणारा गळ्याचा एकेक पातळ थर, तंतूंना समांतर लावून मोजतो. काप तिरका गेला की तोच तंतू वेगळा भरतो. कुठून कुठपर्यंत मोजले ती रेषा अहवालातल्या चित्रावर काढलेली असते, तुमच्या डॉक्टरांना ती पडताळून पाहता येते.

दुर्बिणीच्या तपासणीतला फोटो दाखवून "यात तर मोठे दिसतात" असेही काहीजण म्हणतात. दुर्बीण जवळ नेली की सगळेच मोठे दिसते, त्या फोटोला मोजपट्टी नसते.

निव्वळ कुतूहलापोटी सीटी आम्ही करत नाही, कारण त्यात क्ष-किरण वापरतात. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, जुन्या स्कॅनची सीडी असल्यास तीही आणा. दोन्ही मापे शेजारी ठेवून दाखवू.