खराटा, खड्डा आणि सोनखत

1960 च्या आसपास डॉ. सुहास मापुसकर देहूच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तुकोबांचं गाव, इंद्रायणीचा काठ, आणि संडास म्हणाल तर जवळपास कुणाच्याच घरी नाही. औषध घेऊन बरं झालेलं पोर पुन्हा त्याच घाणीत खेळायला जायचं आणि जंत, हगवण घेऊन दवाखान्यात परत यायचं. रोगाचं मूळ गावाबाहेरच्या हागणदारीत होतं आणि तिथे कुठलीच गोळी चालत नव्हती. मापुसकरांनी गावात संडास बांधून घेतले. पावसाळ्यात ते ढासळले. लोकांनी पुन्हा टमरेल उचललं.

पुढच्या वीसेक वर्षांत देहू पालटलं. ते कसं, हे समजून घ्यायचं तर आधी बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडे पटकीची साथ आली की मरीआई कोपली असं समजत. तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, पुढचं पुढच्या गावाने बघायचं. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी 1854 सालीच दाखवून दिलं होतं. पण ते ज्ञान आपल्या गावांपर्यंत पोचायला पुढे शंभर वर्षं लागली. विहिरीच्या वरच्या अंगाला हागणदारी आणि खालच्या अंगाला पाणवठा, ही मांडणी तोवर कुणाला खटकली नाही.

सरकारला स्वच्छतेची जाग आली ती प्लेगने. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एका मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी, अकासियो व्हिएगस यांनी, हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं. काही महिन्यांत निम्म्याच्या आसपास मुंबई रिकामी झाली. 1897 मध्ये साथरोग कायदा आला. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे सोजीर घरात शिरले, माजघरापासून देवघरापर्यंत सगळं उलटंपालटं करू लागले, माणसांना उचलून नेऊ लागले. त्याच साथीत मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवणाऱ्या सावित्रीबाई फुले स्वतः प्लेगने गेल्या, 10 मार्च 1897 रोजी. स्वच्छतेच्या नावाखाली एकीकडे बंदुकीचा दस्ता आणि दुसरीकडे ही पाठ. लोकांच्या मनात मात्र दस्ताच जास्त खोल रुतला. घरात शिरून सफाई करायला येणारा सरकारी माणूस म्हणजे संकट, ही धास्ती पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकली, असं मला वाटतं.

ही धास्ती मोडली ती अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या एका परटाच्या मुलाने. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. 1905 मध्ये घर सोडलं. अंगावर चिंध्यांचा झगा, डोक्यावर फुटक्या मडक्याची खापरी, हातात खराटा. गावात शिरायचं आणि कुणाशी न बोलता झाडायला सुरुवात करायची. दुपारपर्यंत रस्ते, गटारं, देवळाचा परिसर लख्ख. हा कोण वेडा म्हणून लोक जमायचे. ओळख पटली की गाव ओशाळायचं, कुणीतरी खराटा हातात घ्यायचं. रात्री वऱ्हाडी बोलीत कीर्तन व्हायचं, सगळं प्रश्नोत्तरांत. सकाळी गाव साफ केलेला माणूस रात्री गावाचं मन साफ करतोय, याहून सोपं सांगता येत नाही. बाबांनी आज्ञा कधी दिली नाही. ते आधी स्वतः वाकले.

तरी एक गोष्ट बाकी होती. रस्त्यावरचा कचरा कुणीही झाडेल, पण मैल्याला हात कोण लावणार? शहरांत टोपलीचे संडास होते. घराच्या मागच्या बोळातून एक माणूस यायचा, बहुतेकदा एक बाई, आणि भरलेली टोपली किंवा डबा डोक्यावर घेऊन जायची. पावसाळ्यात तो मैला ठिबकत अंगावर यायचा. हे काम जन्माने ठरलेलं होतं. म्हणून आपल्याकडे संडासाचा प्रश्न कधीच नुसता विटा-सिमेंटचा नव्हता.

कोकणचे गांधी म्हणून ओळखले जाणारे आप्पा पटवर्धन 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. त्यांनी तिथे भंगीकाम मागितलं. ते काम फक्त अस्पृश्य कैद्यांनीच करायचं, असा तुरुंगाचा नियम, म्हणून नकार मिळाला. आप्पांनी अन्न सोडलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्यासाठी डिसेंबरमध्ये उपास आरंभला आणि सरकारला नमावं लागलं. हक्क म्हणून मैला साफ करायला मागणारा हा चित्पावन ब्राह्मण पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मेलेली जनावरं सोलत होता आणि मैल्याचं खत करण्याचे प्रयोग करत होता. विष्ठेवर माती-पालापाचोळा टाकून ती कुजू द्यायची, म्हणजे वासही जातो, माश्याही जातात आणि कुणाला टोपली उचलावी लागत नाही. माणूस मैल्यापासून मोकळा करायचा असेल तर मैल्याचीच जात बदलली पाहिजे, हे त्यांनी हाताने करून दाखवलं. महाराष्ट्राने आप्पांना पुरेसं लक्षात ठेवलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मापुसकर अडले तेव्हा ते आप्पांकडेच गेले. तिथून देहूची गोष्ट पुढे सरकली. टिकणारा खड्डा कसा घ्यायचा, मैला कुजवायचा कसा, त्यातून गॅस कसा काढायचा, हे सगळं त्यांनी गावातच करून पाहिलं. संडासाच्या गॅसवर चहा उकळायला सुरुवातीला घराघरांतून नकार असणारच. तो नकार मापुसकरांनी वर्षानुवर्षं बसून, बोलून, पुन्हा जाऊन मोडून काढला. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सरकारचा रस्ता वेगळाच होता. 1986 मध्ये केंद्राची ग्रामीण स्वच्छता योजना आली, अनुदान आलं, संडास उभे राहिले. गावोगाव त्यात गोवऱ्या, सरपण आणि कडबा भरलेला मी पाहिला आहे. कुणी कोंबड्या कोंडल्या होत्या. फुकट मिळालेल्या खोलीचा असा उपयोग होणारच. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा अनुदान बाजूला ठेवून गावागावांत स्पर्धा लावली. बक्षीस गावाला. सरपंच, शिक्षक, पोरं सगळे खराटा घेऊन उतरले. त्यातून हागणदारीमुक्तीची भाषा गावाची झाली आणि केंद्राच्या निर्मलग्राम पुरस्कारांत महाराष्ट्र आघाडीवर राहिला. मात्र त्याच ओघात पहाटे शिट्ट्या मारत, बॅटरीचा झोत टाकत फिरणारी गुड मॉर्निंग पथकंही आली. पांदणीत बसलेल्या बाईवर उजेड टाकणं ही स्वच्छता नव्हे. त्यात मला रँडच्या सोजिरांची सावली दिसते.

बायकांचं दुःख तर निराळंच. रस्त्याकडेला बसलेल्या बायका एसटीचा उजेड पडला की पदर तोंडावर घेऊन झटकन उभ्या राहायच्या आणि गाडी गेली की पुन्हा बसायच्या. दिवसभर लघवी दाबायची, म्हणून पाणीच कमी प्यायचं. अंधाराची वाट बघत काढलेल्या त्या दिवसांची नोंद कुठल्याही खात्यात नाही.

जेवढी नोंद झाली तेवढी तरी मोठी आहे. अपुऱ्या स्वच्छतेमुळे 2006 या एका वर्षात भारताचं सुमारे 2 लाख 40 हजार कोटी रुपयांचं, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6.4 टक्के नुकसान झालं, असा हिशेब जागतिक बँकेच्या पाणी-स्वच्छता कार्यक्रमाने मांडला. आजारपण, बुडालेली मजुरी, पाणी भरण्यात आणि जागा शोधण्यात गेलेला वेळ, सगळं त्यात धरलं होतं. वारंवार हगवण लागणाऱ्या पोराच्या अंगी खाल्लेलं लागत नाही, उंची खुंटते. ते पोर पुढे शाळेत आणि कामावरही मागे पडतं.

2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली 55 टक्के कुटुंबं उघड्यावर जात होती. 2 ऑक्टोबर 2014 पासून स्वच्छ भारत अभियान चाललं आणि 2019-21 च्या पाहणीत हा आकडा 19 टक्क्यांवर आला. एवढा बदल एवढ्या वेगाने क्वचित होतो. पण ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा 2019 च्या 2 ऑक्टोबरलाच झालेली होती आणि पाहणीतले हे 19 टक्के तरीही बाहेरच जात होते.

आता खरा प्रश्न संडासाखालचा आहे. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरला की प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवायचा. भिंतींना विटांची जाळी असते, पाणी जमिनीत मुरतं, जंतू मरतात. झाकण उघडलं की आत काळपट, भुसभुशीत, कोरडी माती निघते. वास नाही. मूठभर हातात घेतली तर चहाची भुकटी वाटावी. जुनी माणसं हिला सोनखत म्हणायची. पण बहुतेकांना खड्डा लवकर भरेल ही भीती वाटते, म्हणून लोक एकच मोठी टाकी बांधतात. ती भरली की रिकामी करायला माणूस बोलावतात. माणसाकडून मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारे 1993 आणि 2013 असे दोन कायदे झाले, तरी टाकीत उतरून गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या अजून छापून येतात, आणि आत उतरणारा माणूस आजही त्याच वस्तीतून येतो, जिथून टोपली उचलायला यायचा.