लाकडी पुलाला छप्पर कशासाठी? जरा मागची गोष्ट

अमेरिकेत व्हरमाँट, न्यू हॅम्पशायरकडे ऑक्टोबरात झाडं लाल-पिवळी झाली की तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या स्टेटसवर एक फोटो ठरलेला असतो, छोटी नदी आणि तिच्यावर घरासारखं उतरतं छप्पर आणि फळ्यांच्या भिंती असलेला लाकडी पूल. बघणाऱ्याला वाटतं की बर्फाळ प्रदेश आहे तर जाणाऱ्या-येणाऱ्यावर बर्फ पडू नये म्हणून केली असेल सोय. पण गंमत म्हणजे त्या काळात हिवाळ्यात लोक घसरगाडीने, म्हणजे घोडे जुंपलेल्या स्लेजने जायचे आणि स्लेजला खाली बर्फ लागतोच, त्यामुळे या पुलांच्या आत बाहेरून बर्फ आणून फावड्याने पसरावा लागायचा. या कामाचे गावं माणसांना पैसे द्यायची, चक्क गावाच्या हिशेबात हा खर्च मांडलेला असायचा! म्हणजे माणसांच्या दृष्टीने छप्पर ही हिवाळ्यात डोकेदुखीच होती.

छप्पर होतं ते लाकडासाठी. पुलाचा सगळा भार पेलते ती दोन्ही बाजूंची उभी-आडवी-तिरकी चौकट, इंजिनियर लोक तिला ट्रस म्हणतात आणि आपले सुतार कैची म्हणतात. या कैचीत शेकडो सांधे असतात आणि लाकूड कुजायला सुरुवात होते ती सांध्यातच, कारण खाचेत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, ऊन लागत नाही, मग बुरशी. भर नदीत नुसतं उघडं ठेवलं तर असा पूल दहा-पंधरा वर्षांत संपतो. कोकणातल्या साकवाचं बघा ना, दर दोन-चार पावसाळ्यांनी गाव जमून ओंडके बदलतं, पण साकव परवडतो कारण तो छोटा असतो. दोनशे फुटी कैची दर दहा वर्षांनी कोण बदलणार? मग तिच्यावर छप्पर घाला, बाजूला फळ्या ठोका, छप्पर आणि फळ्या कुजल्या तर त्या बदला, आत कैची कोरडी. आज दीडशे-पावणेदोनशे वर्षांचे पूल उभे आहेत ते या एका कारणामुळे.

ही आयडिया अमेरिकनांची नाही. युरोपात आल्प्सच्या आसपास हे आधीपासून होतं. स्वित्झर्लंडच्या ल्यूसर्नचा कापेलब्रुक, जो आपल्याकडच्या युरोप टूरवाल्यांच्या फोटोंमध्ये असतोच असतो, तो चौदाव्या शतकातला, मुळात शहराच्या तटबंदीचा भाग म्हणून बांधलेला. त्याच्या छपराखाली सतराव्या शतकात त्रिकोणी चित्रं लावली गेली, शहराचा इतिहास, संतांच्या कथा वगैरे. इटलीत बस्सानो देल ग्राप्पा इथे पाल्लादिओने १५६९ मध्ये छपराचा लाकडी पूल उभा केला, हा पाल्लादिओ म्हणजे युरोपातल्या सगळ्यात नावाजलेल्या वास्तुकारांपैकी एक, त्याने १५७० च्या आपल्या ग्रंथात कैचीच्या पुलांची ड्रॉइंगंही छापली. आणि १७५० च्या दशकात ऱ्हाइनवर शाफहाउझेनला हान्स उलरिश ग्रुबेनमान या सुताराने जो पूल बांधला त्याची कथा तर भारीच आहे. त्याला सगळी नदी एका झेपेत ओलांडायची होती, नगरपालिकेतले लोक घाबरले, म्हणाले मधला जुना खांब वापरायचाच. सांगतात की त्याने खांब वापरला खरा पण पूल त्याच्यावर जेमतेम टेकवला, म्हणजे तुमचंही खरं आणि माझंही खरं. १७९९ मध्ये माघार घेणाऱ्या फ्रेंच फौजांनी तो जाळून टाकला.

अमेरिकेत ही गोष्ट सुरू होते फिलाडेल्फियात. शूलकिल नदीवर टिमथी पामर या मॅसॅच्युसेट्सच्या बांधकामवाल्याने तीन कमानींचा लाकडी पूल बांधला, १८०५ मध्ये तो सुरू झाला. त्याचं नावच पर्मनंट ब्रिज ठेवलेलं, कारण आधी तिथे तरंगते पूल होते. पूल बांधणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष होते रिचर्ड पीटर्स, पेशाने न्यायाधीश पण शेतीत मुरलेला माणूस. छप्पर घालायचा आग्रह या पीटर्सचा, आणि पामरचंही मत पडलं की नीट झाकला तर पूल तीस-चाळीस वर्षं सहज जाईल. कंपनीच्या दृष्टीने हिशेब सरळ होता, टोल घ्यायचा आहे तर पूल टिकला पाहिजे. तो टिकला सुद्धा, मध्ये त्यात फेरफार करून रेल्वेही नेली, आणि शेवटी १८७५ मध्ये कुजून नाही तर आगीत गेला.

मग थिओडोर बर आला, त्याने कैचीला मोठी लाकडी कमान जोडायची पद्धत रूढ केली आणि पेनसिल्व्हेनियात आजही बरेचसे जुने पूल बर पद्धतीचे आहेत. त्याने सस्क्वेहॅना नदीवर मॅकॉल्स फेरीला ३६० फुटांचा एकच गाळा (म्हणजे दोन आधारांमधला पुलाचा भाग) टाकला होता, १८१५ मध्ये, लाकडी बांधकामासाठी अफाटच आकडा आहे हा, पण दोन-तीन वर्षांत नदीतल्या बर्फाच्या लाटेने तो उखडून नेला. या पुलांचा एक मोठा वैरी म्हणजे वसंतात फुटणारा नदीचा बर्फ, हे लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पण माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा खरा हिरो ना पामर ना बर, तो आहे इथिएल टाउन. न्यू हेवनचा आर्किटेक्ट, १८२० मध्ये त्याने एक पेटंट घेतलं. आधीच्या पुलांना जाडजूड चौकोनी तुळया लागायच्या, त्यात खाचा पाडणारे कसबी सुतार लागायचे, आणि असे सुतार खेडेगावात कुठून आणणार? टाउनने काय केलं, साध्या फळ्या घेतल्या, साधारण तीन इंच जाड आणि दहा-बारा इंच रुंद, ज्या गावच्या पाणचक्कीवर चालणाऱ्या करवतीतूनही निघतात, आणि त्या एकमेकींवर तिरक्या ठेवून जाळी केली. जिथे फळी फळीला ओलांडते तिथे भोक पाडायचं आणि ओकच्या लाकडाची गोल खुंटी ठोकायची. झालं. एवढंच. जाळीत इतके तिरके आधार आहेत की एखादी फळी खराब निघाली तरी भार शेजारच्या फळ्या घेतात, आणि लांब पूल हवा तर तीच जाळी पुढे वाढवत न्यायची. धान्याचं कोठार बांधता येणारा कोणीही माणूस हे करू शकत होता. टाउन मात्र स्वतः पूल बांधायच्या भानगडीत फारसा पडला नाही, तो परवानगी विकायचा, फुटाला एक डॉलर, आणि न विचारता बांधलेला सापडला तर फुटाला दोन. एजंट नेमून फिरवायचा. धंदा कसा करावा हे याच्याकडून शिकावं.

त्यानंतर १८४० मध्ये विल्यम हाउने उभ्या लाकडांच्या जागी लोखंडी सळया घातल्या, त्यांना नट असायचे, कैची ढिली पडली की पाना घेऊन आवळायची. रेल्वेवाल्यांनी हे डोक्यावर घेतलं कारण त्यांना भराभर पूल हवे होते, पण त्याच सळयांबरोबर लोखंड पुलात शिरलं आणि पुढच्या काही दशकांत लाकूडच बाहेर पडलं. तरी जिथे लाकूड स्वस्त आणि पोलाद महाग तिथे छपराचे पूल बांधणं चालूच राहिलं, ओरेगनमध्ये आणि कॅनडाच्या क्विबेकमध्ये तर १९५० च्या दशकापर्यंत, आणि क्विबेकमधली पद्धत कोणती तर टाउनचीच जाळी, थोडा फेरफार करून.

एक पूल जवळून बघू. कॉर्निश–विंडसर, कनेटिकट नदीवर, एका टोकाला न्यू हॅम्पशायर आणि दुसऱ्याला व्हरमाँट. त्याच जागेवरचा हा चौथा पूल, आधीचे तीन नदीने नेले. १८६६ मध्ये जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर यांनी बांधला, खर्च ९,००० डॉलर, लांबी सुमारे ४५० फूट, मध्ये एकच खांब. जाळी टाउनसारखीच पण फळ्यांऐवजी चौकोनी तुळयांची, त्यामुळे आत शिरलात की दोन्ही हातांना जाडजूड लाकडांचे पत्त्यातल्या चौकटसारखे आकार दिसतात आणि फटींतून नदी. तोंडावर जुनी पाटी आहे, घोडे चालवत न्या नाहीतर दोन डॉलर दंड. दौडणाऱ्या घोड्यांच्या टापांनी पूल हलायचा म्हणून ही ताकीद. १९४३ पर्यंत इथे टोल होता. आणि नदी व्हरमाँटच्या काठापर्यंत न्यू हॅम्पशायरची असल्याने पूल जवळजवळ सगळा न्यू हॅम्पशायरचाच, सांभाळायचा खर्चही त्यांच्याकडे! १९८० च्या दशकाच्या शेवटी मोठी दुरुस्ती झाली, तिला ४० लाख डॉलरच्या वर लागले आणि त्यात थर चिकटवून केलेल्या आधुनिक लाकडी तुळया घातल्या. गाड्या अजून जातात.

अमेरिकेच्या यादवी युद्धातही, म्हणजे उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं आपसात लढली त्यातही, हे पूल सापडले. जून १८६३ मध्ये, गेटिसबर्गच्या लढाईच्या आधी दोन-तीन दिवस, दक्षिणेची फौज सस्क्वेहॅना ओलांडू नये म्हणून उत्तरेच्याच लोकांनी कोलंबिया आणि राइट्सव्हिल यांच्यामधला पूल पेटवला. मैलभराहून लांब होता तो, त्या काळातला जगातला सगळ्यात लांब छपराचा पूल. आग राइट्सव्हिल गावात शिरली, तेव्हा बादल्या घेऊन ती विझवायला लागले कोण तर शत्रूचे, दक्षिणेचे सैनिक. वेस्ट व्हर्जिनियातला फिलिपीचा पूल, १८५२ चा, लेम्युअल चेनोवेथने बांधलेला, यादवी युद्धातली जमिनीवरची पहिली चकमक याच्या आसपास झाली, त्यातून तो वाचला, आणि १९८९ मध्ये जवळ सांडलेलं पेट्रोल पुलावर वाहत आलं आणि भडका उडाला. परत उभा केला, आज त्यावरून हायवेची वाहतूक चालते.

छप्पर पाऊस अडवतं, आग आणि पूर नाही. उलट फळ्यांनी बंद केलेला कोरडा लाकडी बोगदा म्हणजे आगीला आमंत्रणच, आणि पुरात त्याच भिंतींवर पाण्याचा धक्का बसतो. कापेलब्रुक ऑगस्ट १९९३ मध्ये रात्रीत जळाला, संशय सिगारेटवर, वर लावलेल्या चित्रांपैकी साधारण दोन तृतीयांश गेली, पूल मात्र आठेक महिन्यांत, एप्रिल १९९४ मध्ये परत सुरू. कॅनडाच्या न्यू ब्रन्सविकमधला हार्टलंडचा पूल, ३९१ मीटर, आजचा जगातला सगळ्यात लांब, तो १९०१ मध्ये सुरू झाला तेव्हा उघडा होता, १९२० मध्ये नदीच्या बर्फाने (म्हटलं होतं ना) दोन गाळे पाडले आणि दुरुस्तीत छप्पर घातलं गेलं. त्यावर गावातल्या धार्मिक मंडळींनी हरकत घेतली, एवढ्या लांब अंधाऱ्या पुलात तरुण पोरं-पोरी काय करतील म्हणून. जग कुठेही गेलं तरी काकांची काळजी तीच.

चीनमध्ये हीच कल्पना वेगळ्या वाटेने आली. फुजियान आणि झेजियांगच्या डोंगरात सरळ ओंडके एकमेकांत विणल्यासारखे अडकवून कमान करतात आणि वर पूर्ण लांबीची पडवी. इथे छपराचा दुहेरी उपयोग, लाकूड कोरडं राहतंच, शिवाय पडवीच्या वजनाने खालची विणलेली कमान दाबून घट्ट बसते, म्हणजे छप्पर काढलं तर पूलच ढिला. मध्यावर देव्हारा असतो, बसायला बाकं, गावकऱ्यांचा अड्डा. ही बांधण्याची विद्या युनेस्कोने २००९ मध्ये तातडीने वाचवण्याच्या यादीत घेतली कारण जाणते कारागीर बोटांवर मोजण्याएवढे उरलेले. २०१६ च्या वादळात ताइशुनमधले तीन पूल वाहून गेले तेव्हा गावकऱ्यांनी नदीकाठ धुंडाळून बहुतेक मोठी लाकडं गोळा केली आणि ती वापरून पूल परत बांधले. २०२२ मध्ये मात्र फुजियानचा वानआन पूल, जवळजवळ शंभर मीटरचा, आगीत गेला.

इथे तो जुना वाद येतोच, की सगळं लाकूड बदललं तर पूल जुना म्हणायचा का? न्यूयॉर्क राज्यात ब्लेनहाइमला निकोलस पॉवर्सने १८५५ मध्ये एका झेपेत २१० फूट ओलांडणारा पूल बांधला होता, आधी जमिनीवर पूर्ण जुळवला, मग सुटा करून नदीवर, लोक हसले आणि सांगतात की खालचे टेकू काढताना हा पठ्ठ्या छपरावर जाऊन बसला, पडला तर मीही पडेन म्हणून. २०११ च्या आयरीन वादळात तो पूल गेला. २०१८ मध्ये तसाच नवा उभा राहिला, पण राष्ट्रीय स्मारकाचा जो दर्जा होता तो आधीच काढून घेतला होता, कारण मूळ वास्तूच उरली नव्हती. नियमाने बरोबर आहे, पण चीनच्या सुताराला विचाराल तर तो म्हणेल की पद्धत तीच, जागा तीच, मग अडचण काय? मला स्वतःला तोच पटतो, कारण फळ्या बदलत राहणं हे या पुलांच्या मूळ कल्पनेतच आहे.

आणि दुसऱ्या टोकाला इलिनॉयमधलं लाँग ग्रोव्ह. तिथला पूल १९०६ चा, लोखंडी, त्याला छपराची काही गरज नव्हती, पण १९७२ मध्ये गावाला शोभा म्हणून वर लाकडी छप्पर चढवलं. उंचीची मर्यादा साडेआठ फूट, पाट्या लावलेल्या, तरी ट्रकवाले घुसतात. २०१८ मध्ये एका ट्रकने छपराची वाट लावली, मग दुरुस्तीत आतून पोलादी चौकट घातली, ऑगस्ट २०२० मध्ये पूल परत सुरू झाला आणि लगेच पुढची गाडी येऊन धडकली. त्यानंतरही धडकतातच, फक्त आता मोडतो तो ट्रक.