अर्ध्या मिलिसेकंदाचा माग: गोल्फच्या सराव-साधनांची पार्श्वभूमी

गोल्फचा क्लब, म्हणजे फटका मारायची काठी, चेंडूला भिडतो आणि चेंडू सुटतो, या दोन्हींत साधारण अर्धा मिलिसेकंद जातो. तेवढ्यात क्लबचं डोकं जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे सरकतं. धक्का हातांतून मेंदूपर्यंत पोहोचेतो चेंडू निघून गेलेला असतो. फटका कसा बसला हे त्या क्षणी खेळाडूला कळूच शकत नाही. चेंडू स्वच्छ बसावा म्हणून निघालेल्या सगळ्या साधनांच्या मुळाशी हीच अडचण आहे.

या इतिहासात मला सर्वांत मोलाचे वाटतात ते अर्नेस्ट जोन्स. हा इंग्लिश व्यावसायिक खेळाडू १९१६ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झाला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बरे झाल्यावर जोन्स एका पायावर खेळू लागले आणि चेंडू पूर्वीसारखाच जाऊ लागला. पाय कुठे, कंबर किती वळवायची, वजन कधी सरकवायचं याबद्दलची तोवरची शिकवण त्यांच्या शरीराला लागूच होत नव्हती, तरी फटका बसत होता. मग सांभाळायचं ते क्लबचं डोकं, शरीर त्याच्यामागून येतं, अशा निष्कर्षाला ते आले. पुढे अमेरिकेत शिकवताना ते रुमालाच्या टोकाला खिशातला चाकू बांधून झुलवून दाखवत. लयीत झुलवला तर रुमाल ताठ राहतो. मध्येच हिसका दिला की सैल पडतो. चूक तिथल्या तिथे डोळ्यांना दिसते. सराव-साधनाकडून याहून जास्त काय हवं?

त्या क्षणाचं चित्र मिळालं ते प्रयोगशाळेत. एमआयटीचे हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात स्ट्रोबोस्कोपच्या, म्हणजे भराभर उघडझाप करणाऱ्या दिव्याच्या, लखलखाटात गोल्फच्या फटक्यांची छायाचित्रं घेतली. मग गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटनच्या पुढाकाराने शास्त्रज्ञांनी फटक्याचा पद्धतशीर अभ्यास केला. अलेस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी १९६८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. अर्ध्या मिलिसेकंदाचा हिशोब गोल्फ शिकवणाऱ्यांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः त्यातून.

बाजार मात्र बराच काळ शरीराला वळण लावण्याच्या मागे राहिला. हात बांधणारे पट्टे, मनगट अडवणाऱ्या पट्ट्या, चुकीच्या झोक्यात मोडणारे बिजागरीचे क्लब असं बरंच काही आलं. यातली काही साधनं उपयोगी आहेत, पण ती काढून ठेवली की सवयही बऱ्याचदा त्यांच्याबरोबर जाते. गॅरी वायरन यांनी रूढ केलेली इम्पॅक्ट बॅग मला वेगळी वाटते. जुने टॉवेल भरलेल्या त्या पिशवीवर क्लब आदळून थांबतो आणि हात क्लबच्या डोक्यापुढे आहेत की मागे पडलेत, हे थांबल्या जागी पाहता येतं. चेंडू वर उचलायच्या नादात मनगट आधीच सोडणाऱ्यांना हा आरसा फार लवकर शुद्धीवर आणतो.

२००३ मध्ये डेन्मार्कमध्ये ट्रॅकमन कंपनी निघाली आणि चेंडूचा आणि क्लबचा वेग व दिशा मोजणारं डॉप्लर रडार सरावाच्या मैदानावर आलं. चेंडू झोक्याच्या दिशेने निघतो आणि क्लबच्या तोंडाच्या, म्हणजे चेंडूला भिडणाऱ्या बाजूच्या, दिशेने वळतो, असं तोवर अनेक ठिकाणी शिकवलं जाई. प्रत्यक्षात चेंडू मुख्यतः तोंड जिकडे असेल तिकडे निघतो. नेब्रास्काचे भौतिकशास्त्रज्ञ थिओडोर जॉर्गेन्सन हे गणिताने आधीच सांगून गेले होते, रडारने ते फटक्यागणिक दाखवलं. सात नंबरच्या आयर्नने (मधल्या पल्ल्याच्या लोखंडी क्लबने) व्यावसायिक खेळाडूंचा क्लब साधारण चार अंश खाली उतरत चेंडूवर येतो आणि झोक्याचा तळ, म्हणजे सर्वांत खालचा बिंदू, चेंडूच्या पुढे पडतो, हेही त्यातूनच सर्वांसमोर आलं. आधी चेंडू, मग जमीन.

आता शहरांतला सराव बहुधा चटईवर चालतो, आणि चटई फसवते. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे टेकला तरी तो घसरत पुढे जातो आणि फटका बरा वाटतो. गवतावर तोच क्लब मातीत रुतला असता. उलटणाऱ्या टिकल्यांच्या कापडाची डिव्हट पाटी (डिव्हट म्हणजे क्लबने माती उडाल्याची खूण) अलीकडे लोकप्रिय झाली ती यामुळेच: क्लब जिथून घासत गेला तिथल्या टिकल्यांचा रंग बदलतो आणि तळ कुठे पडला ते दिसतं. गवत उपलब्ध असेल तर चुन्याची एक रेघ तेच काम करते. रेघेवर चेंडू ठेवा. माती उडाल्याची खूण रेघेपासून पुढे सुरू झाली पाहिजे. क्लबच्या तोंडावर पायाची पावडर फवारली की चेंडू मध्यावर लागला की टाचेकडे (दांड्याजवळच्या बाजूला), तेही उमटतं. पैसे खर्च करायच्या आधी या दोन गोष्टी करून बघाव्यात, असं मी आग्रहाने म्हणेन.

स्पर्धेत मात्र ही साधनं चालत नाहीत. २०१० मध्ये ऑरेगनमधल्या सेफवे क्लासिक स्पर्धेत ज्युली इंकस्टर दहाव्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, बराच वेळ खोळंबल्या होत्या. अंग मोकळं ठेवायला त्यांनी क्लबवर वजनाचं कडं चढवून झोके घेतले. टीव्हीवर ते पाहून एका प्रेक्षकाने कळवलं आणि त्या स्पर्धेतून बाद झाल्या. २०१६ च्या नियमांनी शिक्षा सौम्य केली: पहिल्यांदा फटक्यांचा दंड, पुन्हा केलं तर बाद. दिशा जुळवायची काठी बॅगेत ठेवायला हरकत नाही; फेरी चालू असताना ती जमिनीवर टाकून नेम धरला की नियम मोडतो.