कंटाळा की सेपरेशन अँग्झायटी? एकट्या राहणाऱ्या कुत्र्याला नक्की काय होतंय ते आधी बघा

घरी परत आलो की उशीचा कापूस हॉलभर पसरलेला, शेजारचे सांगतायत की तुमचा कुत्रा दुपारभर भुंकत होता, मग आपण लगेच ठरवून टाकतो की याला सेपरेशन अँग्झायटी, म्हणजे आपण नसताना एकटं राहायची भीती, आहे. नाहीतर याच्या बरोब्बर उलटं, जो कुत्रा खरंच घाबरतोय त्याला "लाडावलाय, मुद्दाम करतो" म्हणून सोडून देतो. दोन्हीकडे हाल कुत्र्याचेच, कारण दिसायला पसारा सारखा असला तरी उपाय पूर्ण वेगळे आहेत.

कंटाळलेला कुत्रा तुम्ही गेल्यावर थोडा वेळ दाराकडे बघतो आणि सरळ जाऊन झोपतो. झोप झाली की उद्योग शोधतो, मग चप्पल, रिमोट, कचऱ्याचा डबा, जे सापडेल ते. मध्येच दमतो, परत आडवा होतो. जाताना ठेवलेलं खाणं तर तुम्ही जिना उतरेपर्यंत फस्त झालेलं असतं.

अँग्झायटीवाल्या कुत्र्याचं तुम्ही निघायच्या आधीच सुरू होतं. किल्ल्या वाजल्या, बूट घातले, की तो मागेमागे फिरायला लागतो, धापा टाकतो. दार बंद झालं की बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासातच सगळं दिसतं, येरझाऱ्या, हेल काढून रडणं, लाळ गळणं, आणि एरवी घरात कधी शी-शू न करणारा कुत्रा तीही करून ठेवतो. तोडफोड कुठे झालीये ते नीट बघा, कारण ती जास्त करून दाराशी नाहीतर खिडकीशी असते, तुमच्यामागे बाहेर पडायची धडपड असते ती.

आमच्या कुत्रीने दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर रंग ओरबाडून काढला होता, तिथे लाकडाचा भुगा आणि फरशी लाळेने चिकट झालेली. पण मला खरं कळलं ते चिकनच्या तुकड्यावरून. जाताना ठेवलेला तुकडा दोन तासांनी तसाच्या तसा होता, आणि मी आत येऊन जरा टेकले तशी ती गेली आणि तो खाल्ला. भूक होती, आवड होती, पण मी नसताना घशाखाली घासच उतरत नव्हता तिच्या.

म्हणून अंदाज बांधत बसू नका, व्हिडिओ काढा. जुना फोन दाराकडे तोंड करून ठेवा आणि पहिला अर्धा तास रेकॉर्ड करा, पसारा बघून जे कळत नाही ते त्यात दिसतं. आणि व्हेटकडे जाच, कारण लघवीचं इन्फेक्शन, म्हाताऱ्या कुत्र्याचा विसरभोळेपणा, पिल्लाचे दात येणं, यातही असेच प्रकार होतात.

"पण त्याला कळतं चूक केलीये, बघ कसा तोंड पाडून बसलाय" हे तर प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये यावरच प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात दिसलं की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा मालक रागावल्यावर जास्त येतो, मग कुत्र्याने खरंच काही केलेलं असो नाहीतर नसो. म्हणजे परत आल्यावर ओरडलात तर घाबरलेल्या कुत्र्याला तुमच्या जाण्याबरोबर येण्याचीही भीती बसते.

कंटाळ्यावरचा उपाय फारसा अवघड नाही. मनसोक्त हुंगत केलेला फेरफटका, खाणं शोधायला लावणारी खेळणी, चावायला काहीतरी, बऱ्याच घरात एवढ्यानेच फरक पडतो. अँग्झायटीत मात्र नुसतं दमवून भागत नाही, दमलेला कुत्रासुद्धा घाबरतो. पिंजऱ्यात कोंडून तर अजिबात जाऊ नका, सुटायच्या नादात दात आणि नखं तुटतात. दुसरा कुत्रा आणणं पण घाईचं, काहींना कोणीही सोबत असलं तरी चालतं पण काहींना तुम्हीच लागता, आणि त्या कुत्र्यांना घरातला दुसरा कुत्रा पुरत नाही.

इथे उपाय म्हणजे भीती सुरू व्हायच्या आत परत येणं. अगदी सेकंदांपासून सुरुवात करायची, दार उघडून बंद करा, मग १० सेकंद बाहेर, मग ३०, आणि कुत्रा शांत असेल तरच पुढे जायचं. किल्ल्या उचलून परत सोफ्यावर बसा, असं दिवसातून कितीतरी वेळा, म्हणजे किल्ल्यांचा आणि तुमच्या जाण्याचा संबंध सैल होतो. सगळ्यात अवघड हे की ट्रेनिंग चालू असेपर्यंत त्याला जमतं त्यापेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचंच नाही, त्यासाठी घरचे, मित्र, डेकेअर, जे जमेल ते जमवावं लागतं.

त्रास जास्त असेल तर औषध घ्यायला लाजू नका. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, कुत्र्यांच्या याच त्रासासाठी क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता दिली, दोन्ही ट्रेनिंगच्या जोडीने द्यायची. परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि माणसांची गोळी अंदाजाने तोडून द्यायची नाही, डोस व्हेटच ठरवणार. व्हेटकडे जाताना तो अर्ध्या तासाचा व्हिडिओ फोनमध्ये घेऊन जा, कारण तुमच्यासमोर दवाखान्यात तुमचा कुत्रा एकटा असल्यासारखा वागणारच नाही.