ताप उतरला म्हणजे धोका टळला? बालकांतील सेप्सिसबाबत खुलासा
मराठवाड्यातील गावांत तापलेल्या लेकराचे हातपाय गार लागले, की ‘ताप उतरला’ असे समजून दवाखान्यात जाणे सकाळवर ढकलले जाते. हा समज जिवावर बेतू शकतो, कारण हा सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची अवस्था, असू शकतो आणि त्यात हानी केवळ जंतूंमुळे होत नाही. संसर्गाशी लढताना शरीराचा स्वतःचा दाह अनावर झाला, की रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब टिकवण्यासाठी त्वचेकडचा रक्तपुरवठा आखडला जातो आणि हातपाय थंड पडतात. हात लावून पाहणाऱ्या आजीचा यात दोष नाही. स्पर्श खरोखरच फसवतो. काही मुलांत दाह इतका भडकतो, की रक्तातील फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) प्रचंड वाढते आणि यकृतही बिघडते. बालकांतील सेप्सिस ओळखण्यासाठी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या फिनिक्स निकषांत म्हणूनच तापासाठी गुणांक दिला जात नाही. श्वसन, रक्ताभिसरण, रक्त गोठणे आणि मेंदू यांचे कार्य मोजले जाते. छातीच्या मध्यभागी बोट ५ सेकंद दाबून उचलावे. फिकट ठिपका पूर्ववत व्हायला ३ सेकंदांहून अधिक लागले, किंवा लेकरू सुस्त पडून दूध घेईनासे झाले, तर रात्रीच १०८ ला फोन करावा. शॉक (रक्ताभिसरण कोलमडून अवयवांना पुरेसे रक्त न मिळणे) असल्यास प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हावे लागते.