डोळ्याच्या खोबणीतील भेदक इजा

पापणी, नेत्रगोल किंवा त्याभोवतीची हाडांची खोबण भेदून काडी, काटा, लोखंडाची कपची वा काच आत शिरणे म्हणजे भेदक इजा. खान्देशात कपाशीची उलंगवाडी झाली, म्हणजे वेचणीचा हंगाम संपला, की पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) उपटणे, बांधणे, वाहणे सुरू होते. वाकलेल्या माणसाच्या डोळ्यात टोक घुसायला तेवढे निमित्त पुरते. बाभळीचे कुंपण आणि छन्नीवरून उडालेली कपची ही आणखी दोन कारणे.

ही जखम फसवी असते. पापणीवर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची चीर, रक्त थांबलेले, नजरही शाबूत; तुकडा मात्र खोबणीच्या छतापर्यंत पोचलेला असू शकतो. हे छत पातळ असते आणि त्याच्या वर लगेच मेंदू. चिरेतून पिवळी चरबी डोकावली, तर जखम वरवरची नाही हे नक्की. म्हणून ‘डोयामा काडी गई’ (डोळ्यात काडी गेली) म्हणणाऱ्याला आधी विचारावे, की काढलेली काडी अख्खी होती का? ती सोबत आणली असेल तर फारच उत्तम.

दोन्ही डोळ्यांची नजर, बाहुली आणि डोळ्याची हालचाल आधी तपासतात. नेत्रगोल फुटल्याची शंका असल्यास त्यावर जराही दाब देत नाहीत. मुख्य तपासणी सीटी स्कॅन, सुमारे १ मि.मी. जाडीच्या छेदांचा. त्यात धातू ठळक दिसतो, पण सुके लाकूड हवेसारखे काळे दिसते आणि पुढे ओल शोषून त्याची छटा बदलते. स्कॅन वाचणाऱ्याला काडीचा संशय आधीच सांगितला नाही, तर तुकडा नजरेतून सुटतो. लाकडासाठी एमआरआय उपयोगी. मात्र आत लोखंड असेल तर चुंबकाने ते सरकते, म्हणून तशी शंका फिटल्याशिवाय तो करत नाहीत.

रुतलेली वस्तू घरी ओढू नये. डोळ्यावर कागदी पेला टेकवून, दाब न देता चिकटवावा. मध, दूध, मलम काहीही घालू नये आणि भूल द्यावी लागेल म्हणून रुग्णाला उपाशी ठेवावे. दवाखान्यात धनुर्वाताची लस व प्रतिजैविके देतात. लाकूड काढावेच लागते. राहिलेल्या तुकड्याभोवती पू किंवा बुरशी धरते आणि कधी कधी महिन्यांनी पापणीतून नासूर वाहू लागतो. खोबणीत खोल बसलेली, त्रास न देणारी काच किंवा पोलादाचा कण मात्र पुष्कळदा तसाच ठेवतात. नेत्रगोलाच्या आतील लोखंडाचे तसे नाही: ते गंजून दृष्टिपटल निकामी करते.

नेत्रगोल फाटल्यास क्वचित दुसऱ्या, धडधाकट डोळ्यालाही दाह होतो. अंधांसाठीची ब्रेल लिपी घडवणारा लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यातील आरीने त्याचा एकच डोळा जखमी झाला होता; दुसराही पुढे गेला, तो याच दाहाने असे मानतात.